कन्सोल कट्टा: खारा वारा, मंद नेट आणि नवे गेम

प्रश्न: पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल) घ्यायचा ठरलाय. दुकानदार म्हणतो, डिस्कवाला कशाला, आता सगळं डाउनलोडच असतं. आमच्या वाडीपर्यंत फायबर अजून आलेलं नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवतो. काय करावं? (एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर: डिस्क ड्राइव्हवालाच घ्या. हिशोब करून पाहा. मोठा गेम आजकाल सहज १०० जीबीचा असतो. रोजचा २ जीबी डेटा सगळाच्या सगळा त्यावर घातला, तरी ५० दिवस लागतील. २५ एमबीपीएसची लाइन आली तरी तोच गेम उतरायला जवळपास नऊ तास हवेत, तेही मध्ये वीज गेली नाही तर.

डिस्क घेतली म्हणून पूर्ण गेम हातात आला असंही नाही. २०२२च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर टू’च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास मजकूर होता, बाकी सगळं नेटवरून. त्यामुळे पैसे मोजण्याआधी खोक्यावर डाउनलोड आवश्यक असल्याची सूचना आहे का ते वाचा. सोनीच्या स्वतःच्या गेमच्या डिस्कवर बहुतेक वेळा पूर्ण गेम असतो, तुमच्यासाठी तिथूनच सुरुवात बरी. पीएस५ स्लिमचा सुटा ड्राइव्ह नंतर जोडणार असाल, तर पहिल्यांदा नोंदणीसाठी एकदा नेट लागतं. तेवढ्यापुरता हॉटस्पॉट पुरे.

डिस्क टाकण्याआधी कन्सोलचं नेट बंद करा. चालू असेल तर तो डिस्कवरून कॉपी करता करता नवा अपडेटही ओढायला लागतो आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. आधी डिस्कवरून पूर्ण इन्स्टॉल होऊ द्या. अपडेट नंतर सवडीने घ्या.

आता गेम कोणता. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेला ‘घोस्ट ऑफ योतेई’ आम्ही डोळे मिटून सुचवू. १६०३ सालचा उत्तर जपान आणि सूड घ्यायला निघालेली आत्सू. नकाशावर खुणांची गर्दी नाही, वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे जायचं. कताना (जपानी तलवार), दोन कताना, भाला, ओदाची (खूप लांब तलवार) आणि साखळीचा कोयता ही शस्त्रं समोरच्याच्या शस्त्रानुसार बदलावी लागतात. ते न करता एकाच तलवारीवर अडून राहिलं की गेम विनाकारण अवघड वाटतो. नेट फारच मंद असेल तर सप्टेंबर २०२५चा ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ही बघा. डाउनलोड १० जीबीच्या आत आहे. गेम मात्र कठीण आहे, अगदी कठीण.

‘जीटीए सिक्स’साठी आतापासून पैसे अडकवू नका. आधी २०२५, मग २६ मे २०२६ आणि त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२६ अशा तारखा तो बनवणाऱ्या रॉकस्टारने दिल्या. तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झालाय, पीएस४साठी नाही.

प्रश्न: घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आधीच्या पीएस४चे पोर्ट दोन पावसाळ्यांत हिरवे पडले. नवा पीएस५ कसा जपावा? (गुहागर)

उत्तर: हा प्रश्न किनाऱ्यावरून सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो. नुसती दमट हवा तेवढी वाईट नाही आणि नुसतं कोरडं मीठही नाही. हवेतलं मीठ धुळीबरोबर बोर्डावर बसतं आणि आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते पाणी ओढून विरघळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मग तांब्यावर खाऱ्या पाण्याची पातळ साय धरते. त्यातून वीज झिरपते आणि धातू खाल्ला जातो. तुम्हाला दिसला तो हिरवा थर म्हणजे हेच.

म्हणून पहिलं काम जागेचं. समुद्राकडच्या खिडकीसमोर कन्सोल नको. बंद कपाटातही नको, कारण चालताना त्याला हवा हवी. भिंतीपासून निदान १० सेंमी अंतर ठेवा. पावसाळ्यात दिवसाआड अर्धा तास तरी खेळा. आतली ऊब ओल धरू देत नाही. प्लास्टिकचं आवरण गरम कन्सोलवर लगेच घालू नका, आतली दमट हवा तिथेच कोंडते.

साफसफाई दोन महिन्यांतून एकदा. वायर काढा, कन्सोल मऊ कापडावर आडवा ठेवा, बाजूचं कव्हर कोपऱ्यातून उचलून सरकवा. पंखा आणि धूळ साठण्याची भोकं समोर दिसतील. भोकांतली धूळ व्हॅक्यूम क्लीनरने कमी जोरावर ओढून घ्या. ब्लोअर वापरत असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. तोंडाने फुंकू नका, थुंकीतही ओल आणि क्षार असतात. याच्या पुढे उघडू नका. पीएस५च्या प्रोसेसरवर द्रवरूप धातू असतो, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) हलला की तो ओघळून बोर्ड शॉर्ट होऊ शकतो.

पोर्ट हिरवा दिसू लागलाच तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशवर घेऊन केबलची पिन आणि पोर्ट हलक्या हाताने पुसा, अर्धा तास सुकू द्या, मग जोडा. पॉलिश पेपर लावलात तर सोन्याचा मुलामा निघतो आणि गंज आणखी लवकर येतो. बिजागऱ्यांना खोबरेल तेल लावायची आपली सवय इथे नको, त्यावर खारी धूळ चिकटून बसते.

घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर कन्सोल साफ करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं घ्या, म्हणजे कधी संपलं ते कळतं. परत आल्यावर डबा उघडून दोन-तीन तास कन्सोल तसाच राहू द्या, मगच वीज.

प्रश्न: वीज सारखी जाते. इन्व्हर्टरवर पीएस५ चालवला तर चालेल का? आणि विजा कडाडताना? (रत्नागिरी)

उत्तर: साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चालेल. जुन्या स्क्वेअर वेव्हवर गुणगुण ऐकू येते आणि पॉवर सप्लाय तापतो, तिथे नको. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाता-येता अदलाबदलीत कन्सोल बंद पडतो. खेळताना पीएस५ साधारण २०० वॉट घेतो, ४३ इंची एलईडी टीव्ही ८०च्या आसपास. १५० एएचची चांगली बॅटरी त्यांना चारएक तास देईल. दोन पंखेही चालू असतील तर तीन तासांच्या आत आटपेल. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस पाचेक मिनिटं देतो. गेम सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरतात.

रेस्ट मोड (कन्सोल अर्धवट झोपलेला) टाळा, रात्री पूर्ण बंद करा. रेस्टमध्ये अपडेट चालू असताना वीज गेली की डेटाबेस बिघडू शकतो. तसं झालंच तर कन्सोल बंद असताना पॉवर बटण दाबून धरा, सुमारे सात सेकंदांनी दुसरा बीप आला की सोडा. कंट्रोलर केबलने जोडा आणि ‘रीबिल्ड डेटाबेस’ निवडा. सेव्ह केलेलं जात नाही.

विजांचं मात्र गांभीर्याने घ्या. मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटा आणि एचडीएमआय व लॅन केबलही काढा. अनेकदा दणका मीटरकडून येतच नाही. छपरावरच्या डिशच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने कन्सोलमध्ये शिरतो. कन्सोल चालू होतो, पण चित्र येत नाही, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. स्पाइक गार्ड लावाच, पण अर्थिंग धड नसेल तर त्याचं अर्धं काम होत नाही. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात पार कोरडी पडते. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

प्रश्न: ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३’मध्ये पॅरी (शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवणं) जमतच नाही. वय झालं की काय? (दापोली)

उत्तर: वयाला दोष देण्याआधी टीव्ही तपासा. चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा आणि एचडीएमआय थेट टीव्हीला जोडा. मग आधी पॅरी सोडून डॉज (वार चुकवणं) शिका, त्याला वेळेची सवलत जास्त आहे. डॉज अगदी अचूक वेळेवर बसू लागला की त्याच क्षणी पॅरीचं बटण दाबायचं. शत्रू हात उगारून मुद्दाम थांबतात, म्हणून हाताकडे न बघता वाराचा आवाज ऐका. तरीही त्रास होत असेल तर ‘स्टोरी’ पातळी निवडा, त्यात काही कमीपणा नाही. २०२५चा हा सर्वोत्तम गेम ठरला तो कथेमुळे आणि संगीतामुळेही. ते अर्ध्यावर सोडू नका.

प्रश्न: कंट्रोलरची डावी काडी (स्टिक) आपोआप वर सरकते. (वेंगुर्ले)

उत्तर: वॉरंटी असेल तर उघडू नका, द्या. नसेल तर मागच्या बारीक भोकात पिन पाच सेकंद दाबून रीसेट करा. मग कंट्रोलर बंद करून काडीच्या बुडाशी आयसोप्रोपिलचे दोन थेंब, गोल फिरवा, सुकू द्या. धूळ असेल तर एवढ्याने जातं. आठवड्यात परत सुरू झालं तर आतली कार्बनची पट्टी झिजली आहे. तोवर गेममध्ये डेडझोन (काडीची जेवढी किंचित हालचाल गेम मोजत नाही तेवढी) वाढवून काम चालवा, पण शेवटी काडीचं मॉड्यूल बदलावं लागेल. बदलतानाच हॉल इफेक्टचं (चुंबकावर चालणारं) टाका, त्यात घासणारी पट्टीच नसते. बसवल्यावर कॅलिब्रेशन मात्र करून घ्या.

प्रश्न: गणपतीला चाकरमानी भावंडं येतात. घरी पीएस५ आणि दोन जुने पीएस४चे कंट्रोलर आहेत. चौघांनी काय खेळावं? (मालवण)

उत्तर: जुने कंट्रोलर पीएस५च्या गेमला चालत नाहीत, फक्त पीएस४च्या गेमला चालतात. म्हणून ‘ओव्हरकुक्ड! ऑल यू कॅन ईट’ची पीएस४ आवृत्ती घ्या. एकाच सोफ्यावर चौघं, नेट नको, पीएस प्लस हे सोनीचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्वही नको. स्वयंपाकघरातली आरडाओरड दोन मिनिटांत सुरू होते. दोघंच असाल तर मार्च २०२५चा ‘स्प्लिट फिक्शन’, पण त्याला दोन्ही कंट्रोलर पीएस५चेच हवेत. आणि दुपारी आजी जवळ बसली असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२०मधला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ लावा. एकट्याने खेळायचा, पाच-सहा तासांचा. गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात.

प्रश्न: परदेशातून निन्टेंडोचा स्विच २ कन्सोल येतोय. काय मागवू? (अलिबाग)

उत्तर: मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड, साध्या कार्डावर स्विच २चे गेम ठेवता येत नाहीत आणि आतली जागा २५६ जीबीच आहे. गेम घेताना ‘गेम-की कार्ड’ टाळा, त्यात गेम नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते. ‘सायबरपंक २०७७’ पूर्ण कार्डावर मिळतो.