तानपुरा गेला कुठे?

प्रश्न : माझ्या गाण्याच्या बाई पुण्याला असतात. दर बुधवारी लॅपटॉपवर झूमवरून शिकवणी होते. त्यासाठी साडेसहा हजारांचे, बाहेरचा आवाज दाबणारे ब्लूटूथ हेडफोन घेतले. एरवी गाणी सुरेख वाजतात. शिकवणी सुरू झाली की मात्र बाईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि तानपुरा मध्येच गायब होतो. दुकानदार म्हणतो, पीसमध्ये फॉल्ट नाही. पैसे पाण्यात गेले का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दुकानदार खोटं बोलत नाहीये, आणि तुमचे कानही ठीक आहेत. घोळ माइकचा आहे. नुसतं ऐकताना ब्लूटूथची सगळी ताकद गाण्याला मिळते. हेडफोनचाच माइक सुरू झाला की बहुतेक हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातात. मग दोन्ही कानांत एकच आवाज, तोही सेकंदाला १६ हजार नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाची एका क्षणाला घेतलेली नोंद), जुन्या पद्धतीत तर ८ हजारांचाच. सीडीवर ४४,१०० असतात. ८ हजार नमुन्यांत ४ हजार हर्ट्‌झच्या वरचं, म्हणजे त्याहून उंच कंपनांचं, काही मावत नाही. ज्या जवारीसाठी, म्हणजे तारेच्या झंकारासाठी, मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवत बसतात, तिची वरची चमक तिथंच छाटली जाते.

तानपुरा गायब होतो तो वेगळ्याच कारणानं. हेडफोन दाबतात तो तुमच्या घरातला आवाज. बाईंच्या खोलीतला तानपुरा झूमच दाबतं. अखंड एकसारखा सूर, म्हणजे त्याच्या लेखी पंखा!

मीही फसलोय. २०१५ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून २५० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायचं माप) स्टुडिओ हेडफोन घेतले. दुकानात त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकले होते, काय तो मंद्र षड्ज! परतताना डेक्कन क्वीनमध्ये मोबाइलला लावले, तर आवाज मुंगीएवढा. एवढ्या ओहमचे हेडफोन हलवायला मोबाइलचा व्होल्टेज पुरत नाही, हे मला कर्जतच्या पुढे सुचलं. त्यात ते मागून उघड्या जाळीचे. शेजारचे गृहस्थ कटलेट खात होते, त्यांचा काटा-चमचाच जास्त ऐकू येत होता. मग अ‍ॅम्प्लिफायरला आणखी चार हजार. बायकोनं एवढंच विचारलं, “आता गाणं वेगळं विकत आणायचं का?”

तेव्हापासून मी हेडफोन ज्या यंत्राला लावायचे ते यंत्र पिशवीत घालूनच दुकानात जातो. चष्माही लावून जातो; अर्धा तास घातल्याशिवाय काडी कुठं रुतते ते कळत नाही. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

तुमचे हेडफोन विकू नका. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोनच ठेवा, माइक मात्र लॅपटॉपचा निवडा. बाईंना त्यांच्याकडे झूममधलं ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करायला सांगा, म्हणजे झूम तानपुरा दाबणार नाही. तुमच्याकडे करून त्यांचा तानपुरा परत येणार नाही. बाईंबरोबर एकाच वेळी गायला मात्र जाऊ नका. नेट आणि ब्लूटूथ दोघंही आवाज उशिरा पोचवतात, बाईंना तुम्ही मागेच पडलेल्या ऐकू येणार, आणि बोलणी विनाकारण तुम्हाला.

एवढं करूनही डबाच वाजला, तर हेडफोनच्या खोक्यात एक बारीक काळी वायर आली असेल, ती लॅपटॉपला लावून ब्लूटूथशिवाय ऐकून बघा. टाकून नाही ना दिलीत?