व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर घेताना आवाज हळूहळू मागे का पडतो?

नाशिकरोडच्या लग्नाची तासाभराची कॅसेट, सुरुवातीला आवाज बरोबर आणि शेवटी २ सेकंद मागे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे नुसता आवाज सरकवून भागणार नाही. फरक पहिल्यापासून सारखा असता तर ते चाललं असतं.

आधी तो कसा वाढतो ते बघा. दर १० मिनिटांनी टाळी किंवा ताशाचा ठोका तपासा. फरक एकसारखा वाढत असेल तर कॅप्चर डिव्हाइस (कॅसेटचं चित्र लॅपटॉपवर आणणारं यंत्र) आणि साउंड कार्ड यांची आतली घड्याळं जुळत नाहीत. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये आवाज उघडून 'चेंज टेम्पो'मध्ये लांबी ३६०० ऐवजी ३५९८ सेकंद करा. स्वर बदलत नाही.

फरक मध्येच धक्क्याने वाढत असेल तर व्हिडिओच्या फ्रेम (एकेक चित्रं) गळल्यात. पाल (PAL) या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० गळल्या की २ सेकंद गेलेच. इथे आवाज ताणू नका, मधला भाग आणखी बिघडेल. कॅसेट पुन्हा घ्या: यूएसबी हब काढून थेट पोर्टला जोडा, बाकी प्रोग्रॅम बंद, आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घ्यायचे) ४८ किलोहर्ट्झ, फ्रेम रेट २५ स्थिर. टेप चुरगळलेली असेल तर टीबीसी (टाइम बेस करेक्टर, डळमळीत सिग्नल स्थिर करणारी सोय) असलेला व्हीसीआर मिळाला तर उत्तमच.

४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ या सॅम्पल रेटची गल्लत मात्र इथे नाही; ती असती तर तासात जवळपास ५ मिनिटांचा फरक पडला असता आणि भटजींचा आवाजही जाड किंवा चिरका झाला असता.