आधी बघ ठरवतंय कोण

अगं, तुझा मेसेज मिळाला. मॅडिसनला, विस्कॉन्सिनच्या राजधानीत, एका रिपब्लिकन आमदाराच्या ऑफिसमधे इंटर्नशिप मिळाली आणि घरी त्यावरून जरा वाजलंय, हे वाचून आनंदही झाला आणि काळजीपण वाटली. आईबाबांशी भांडू नकोस. इथल्या, अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलनेच (म्हणजे सरकारी शाळेनेच) आपल्या मुलांना उभं केलं असं त्यांना वाटतं आणि ते खरंच आहे. पण तू विचारलंयस की काका तुम्ही कन्झर्व्हेटिव्ह का, आणि शाळांच्या बाबतीत त्याचा नेमका अर्थ काय, तर सविस्तर लिहितो.

माझ्यासाठी पहिला प्रश्न एकच, हे ठरवायचा हक्क कोणाचा? पालकांचा, स्कूल बोर्डाचा, लेजिस्लेचरचा (म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचा), गव्हर्नरचा की कोर्टाचा. निर्णय आपल्याला आवडला का ते नंतर. भारतात १९७६ पासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे, केंद्र आणि राज्य दोघांचा हात त्यात, त्यामुळे आपल्या लोकांना इथलं गणित पटकन लक्षात येत नाही. इथे फेडरल घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, आणि १९७३ च्या रॉड्रिग्ज केसमधे, जी शाळांच्या पैशावरूनच होती, सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगून टाकलं की फेडरल घटनेखाली तो मूलभूत हक्क नाही, मग शाळांच्या पैशाची भांडणं सगळी स्टेट कोर्टात गेली. त्यात विस्कॉन्सिनमधे जज निवडणुकीतून येतात. २०२५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या एका सीटच्या निवडणुकीवर साधारण १० कोटी डॉलर उधळले गेले, आता त्या कोर्टाकडून कोणाला काय हवं असतं ते तूच समज.

तिथे गेलीस की चारशे वर्षांच्या व्हेटोबद्दल ऐकशीलच. विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरला बजेटच्या बिलातले काही भाग खोडता येतात, तो पार्शल व्हेटो. २०२३ च्या बजेटमधे शाळांना दर विद्यार्थ्यामागे ३२५ डॉलर जास्त उभे करायची सूट दिली होती, २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा दोन वर्षांसाठी. डेमोक्रॅट गव्हर्नर एव्हर्सनी मधले काही शब्द, आकडे आणि डॅश खोडले आणि वर्ष झालं २४२५!! म्हणजे चारशे वर्षं दरवर्षी वाढ, आणि सरकारी मदत वाढली नाही तर हा बोजा प्रॉपर्टी टॅक्सवर, म्हणजे रिटायर झालेल्या आजीच्या घरावरसुद्धा. एकाही आमदाराने यासाठी मत दिलेलं नव्हतं. १९९० ला लोकांनी घटनादुरुस्ती करून अक्षरं खोडून नवे शब्द बनवायला बंदी घातलेली, पण आकडे म्हणजे अक्षरं नाहीत असं म्हणून स्टेट सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मधे ४-३ ने ते मान्य केलं. मला हे अजिबात पटत नाही, कायदा करायचं काम लेजिस्लेचरचं आहे, खोडरबराचं नाही.

पण हे ऑफिसमधे बोलताना एक गोष्ट लपवू नकोस. १९८७ मधे हाच पार्शल व्हेटो टॉमी थॉम्पसननी भरपूर वापरला, आणि ते आपल्याच बाजूचे, रिपब्लिकन गव्हर्नर होते. तेव्हा आपल्या लोकांना तो गोड लागला. एव्हर्सवर टीका करायची असेल तर थॉम्पसनवरही करावी लागेल, नाहीतर ते तत्त्व नाही, नुसता पक्ष.

थॉम्पसननीच १९९० ला मिलवॉकीच्या व्हाउचरवर (म्हणजे प्रायव्हेट शाळेच्या फीसाठी पालकांना सरकारी पैसा) सही केली, आणि ते काम मला मनापासून आवडतं. त्यासाठी झगडल्या पॉली विल्यम्स, मिलवॉकीच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदार. गरीब आईबापांना पण शाळा निवडता आली पाहिजे एवढं साधं म्हणणं त्यांचं होतं. १९९५ ला धार्मिक शाळा त्यात आल्या, १९९८ ला स्टेट सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, आणि २००२ ला क्लीव्हलंडच्या व्हाउचरच्या केसमधे फेडरल सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की पैसा कुठे जाणार ते पालक ठरवत असतील तर सरकारने धर्माला पैसे दिले असं होत नाही. पुढे व्हाउचरसाठीची उत्पन्नाची मर्यादा वाढवायचं चाललं तेव्हा त्याच विल्यम्सबाईंनी विरोध केला, ते पण वाच. आणि व्हाउचरने मार्क वाढतात असं छातीठोकपणे कुठे लिहू नकोस, अभ्यासांचे निकाल मिश्र आहेत. आपला मुद्दा आईबापांच्या हक्काचा आहे, तो मार्कांवर टांगायची गरज नाही.

कन्झर्व्हेटिव्ह सगळे एका सुरात बोलतात असं पण समजू नकोस. ओक्लाहोमात सरकारी पैशावर कॅथलिक चार्टर शाळा (सरकारी परवान्यावर आणि पैशावर, पण स्वतंत्र संस्थेने चालवलेली शाळा) काढायचं ठरलं, सेंट इसिडोर, आणि तिच्याविरुद्ध कोर्टात गेले ते तिथलेच रिपब्लिकन ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) ड्रमंड. स्टेट कोर्टाने २०२४ ला नाही म्हटलं, मे २०२५ मधे फेडरल सुप्रीम कोर्टात ४-४ झालं म्हणून तोच निकाल राहिला. माझं मत ड्रमंडच्या बाजूने. व्हाउचरमधे निवड पालकाची असते, इथे शाळाच सरकारच्या चार्टरवर उभी राहणार होती.

आणि केंटकी विसरू नकोस. नोव्हेंबर २०२४ ला तिथे ट्रम्प तीसेक टक्क्यांच्या फरकाने जिंकले, आणि त्याच मतपत्रिकेवर पब्लिक स्कूलबाहेर सरकारी पैसा द्यायची घटनादुरुस्ती सगळ्याच्या सगळ्या १२० काउंट्यांमधे पडली. बऱ्याच गावांत आसपास प्रायव्हेट शाळाच नाही, नोकऱ्या देणारी मोठी संस्था म्हणजे पब्लिक स्कूल, शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव तिथे मॅचला. आपलं आहे ते जपायचं म्हणून मत देणारी ही माणसं अडाणी आहेत असं कोणी ऑफिसमधे म्हणालं तर गप्प बसू नकोस.

पहिल्या आठवड्यात विस्कॉन्सिनच्या घटनेचं दहावं आर्टिकल वाचून काढ, लहानच आहे. शाळा शक्य तितक्या एकसारख्या असाव्यात आणि ४ ते २० वयाच्या मुलांना फुकट, असं त्यात आहे, प्रत्येक केस फिरून तिथेच येते. मग व्हेटोचा निकाल काढ आणि आधी हरलेल्या तीन जजचं म्हणणं वाच, नंतर बहुमताचं, आणि बहुमताची बाजू आईबाबांना त्यांना पटेल अशी मराठीत सांगून बघ. जमलं की मला फोन कर, बाकीचं तेव्हा बोलू.