कंबोडियात मुलांसोबत काम करायला येताय? कंसातल्या प्रश्नापासून सुरुवात करू

नाशिकहून तुमचा प्रश्न आला तो असा: एमएसडब्ल्यू झालंय, दोन वर्षं वस्तीतल्या अभ्यासिकेत काम केलंय, आता कंबोडियात जाऊन तिथल्या तरुण मुलामुलींसोबत शिक्षणाचं आणि गावातलं काम करायचंय. व्हिसाचं कसं, पैशांचं कसं, शाकाहारी माणसानं काय करायचं, घाबरलेल्या आईला काय सांगायचं. आणि शेवटी कंसात, जाता जाता विचारल्यासारखं: (माझा तिथे खरंच काही उपयोग होईल का?) मी कंसातल्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. बाकीचं कोणताही एजंट सांगेल.

मी मूळची कराडची, 2017 पासून कंबोडियातल्या बात्तामबांग शहरात आहे. आले तेव्हा माझ्याही डोक्यात तुमच्यासारखंच होतं: अनुभव आहे, इंग्रजी बरं आहे, पोरांना घडवू. पहिल्यांदा ज्या संस्थेत गेले तिथे उलट स्वयंसेवकाकडूनच पैसे घेत. मुलं अनाथ आहेत असं सांगत, आणि एप्रिलमध्ये ख्मेर (म्हणजे कंबोडियन) नववर्ष आलं तशी त्यातली निम्मी मुलं आईवडिलांकडे सुट्टीला गेली. पर्यटकांची गाडी दारात लागली की वर्ग थांबवून मुलांना नाचायला उभं करत. मी 'माय नेम इज' शिकवत होते. माझ्या आधीच्या बाईंनीही तेच शिकवलं होतं, त्यांच्या आधीच्यांनीही. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मी वाक्य पुरं करायच्या आत पुढचं वाक्य म्हणून मोकळा झाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. पाच आठवड्यांत मी बाडबिस्तारा उचलला.

हे एकाच जागेचं असतं तर लिहिलं नसतं. इथल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे पाहण्यांमधून केव्हाच समोर आलंय. 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत' ही फ्रेंड्स इंटरनॅशनल या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची मोहीम त्यातूनच निघाली. तेव्हा 'तीन आठवडे या, मुलांत रमा, इतके डॉलर भरा' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

दुसरी संस्था चांगली होती. तिथे माती मी खाल्ली. दहावी-अकरावीच्या बावीस मुलामुलींसाठी दोन दिवसांचं 'नेतृत्व शिबिर' घेतलं. चार्ट पेपर, रंगीत पेनं, गटचर्चा, सगळा सरंजाम. दर दहा मिनिटांनी मी विचारायची, कळलं का? मुलगे म्हणायचे 'बाद', मुली म्हणायच्या 'चाः'. दोन्हीचा अर्थ हो. मी खूश. दुसऱ्या दिवशी पाहते तर दिलेलं काम एकानंही केलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत माझी दुभाषी मुलगी भाताची ताटली घेऊन शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ताई, 'चाः' म्हणजे फक्त तुमचा आवाज ऐकू येतोय. आपण फोनवर हं, हं करतो ना, तसं. आणि चारचौघांत उभं करून 'तुझं मत सांग' म्हटलं की पोरांना वाटतं, चुकलो तर मुक गेलं. मुक म्हणजे मुखच. आपण नाक कापलं गेलं म्हणतो, इथे तोंड मोडतं.

ही दुभाषी मुलगी म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

ती 2014 ला बारावीला होती. इथे बारावीच्या परीक्षेला 'बाक दुप' म्हणतात. त्याआधी पेपर फुटायचे, झेरॉक्सवाल्यांकडे उत्तरं मिळायची, वर्गात पैसे गोळा व्हायचे. 2013 ला निकाल सुमारे 87 टक्के होता. मग शिक्षणमंत्री हांग चुओन नारोन यांनी भ्रष्टाचारविरोधी पथक केंद्रांवर नेमून परीक्षा घेतली, म्हणजे आपलं कॉपीमुक्त अभियान, पण खरोखरीचं. निकाल लागला सुमारे 26 टक्के. ही नापास. ऑक्टोबरमध्ये नापासांसाठी पुन्हा परीक्षा झाली, त्यातही नापास. घरची शेती थोडी, कर्ज जास्त. ती राजधानीत, नॉम पेन्हला, शिलाईच्या कारखान्यात लागली. (2025 ला या कामगारांचं किमान वेतन महिन्याला 208 डॉलर होतं, तेव्हा तर त्याहून बरंच कमी.) खोलीत चौघी, रात्री मोबाइलच्या उजेडात गणितं. 2016 ला पास झाली, मग दोन वर्षांचं शिक्षक प्रशिक्षण. मला भेटली तेव्हा ते चालू होतं, आज ती सरकारी प्राथमिक शाळेत 'नेआक क्रू' म्हणजे बाई आहे. क्रू म्हणजे गुरू.

नॉम पेन्हला शिकायला जाणाऱ्या गावच्या मुलांना वाटात, म्हणजे बौद्ध विहारात, फुकट राहता येतं. भिक्खूंची कामं करायची, भात तिथलाच खायचा, कॉलेजला जायचं. मुलींना ती सोय नाही. भाडं परवडत नाही म्हणून कितीतरी मुलींचं शिक्षण बारावीलाच अडकतं. हार्प्सवेल फाउंडेशननं 2006 मध्ये नॉम पेन्हला विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह काढलं ते नेमकं याच अडचणीवर बोट ठेवून. माझे आजोबा साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात राहून शिकले, त्यामुळे मला हे समजावून सांगावं लागलं नाही. तुम्हाला काम निवडायची संधी मिळाली तर इंग्रजीच्या वर्गापेक्षा मुलींच्या राहण्याच्या सोयीचं काम निवडा, असं माझं मत. फोटो चांगले येत नाहीत, एवढंच.

तर त्या दुभाषी मुलीच्या आईच्या घराखाली (इथली घरं खांबांवर, खाली मोकळी जागा, हॅमॉक, कोंबड्या) दर रविवारी सकाळी वाचनवर्ग भरतो. सरकारी शाळा अर्ध्या दिवसाची असते, सकाळची किंवा दुपारची पाळी. ज्यांना परवडतं ती मुलं त्याच शिक्षकांकडे पैसे भरून जादा शिकवणी लावतात. ज्यांना परवडत नाही ती मागे पडतात, आणि वर्ग त्यांच्यासाठी आहे. शिकवतात दहावी-अकरावीची मुलं. हा काही नवा शोध नव्हे. 1975 ते 79 मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीनं शाळा बंद केल्या, नोटा रद्द केल्या, शिकलेली माणसं वेचून मारली. तुओल स्लेंगचा छळतुरुंग मुळात माध्यमिक शाळा होती आणि त्या तुरुंगाचा प्रमुख दुइक हा गणिताचा मास्तर. 1979 ला शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिक्षक जवळजवळ उरलेच नव्हते. ज्याला थोडं जास्त येतं त्यानं कमी येणाऱ्याला शिकवायचं, यावर देश उभा राहिला. तिच्या आजीला अक्षरं अशीच आली.

पहिले दोन महिने वर्गाला नऊ मुलं. आयांना वाटे, हे काहीतरी वाटणार किंवा काहीतरी मागणार. मी पत्रकं छापूया म्हणत होते. तिनं वेगळंच केलं. दहावीतल्या मुलांना सांगितलं, घरोघर जा आणि कर्जाचे कागद वाचून दाखवा. इथे गावोगाव मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे, जमिनीचा कागद गहाण ठेवून घेतलेलं, आणि अंगठा दिलेल्या म्हातारीला हप्ता कधी संपतो ते ठाऊक नसतं. एक पंधरा वर्षांचा मुलगा, शिबिरात दोन दिवसांत ज्याच्या तोंडून 'बाद' पलीकडे शब्द फुटला नव्हता, आपल्याच आजीसमोर चटईवर बसून बोट फिरवत कागद वाचत होता. एका ओळीवर थांबला. मागे गेला, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, आजी, ही तारीख पुढच्या महिन्याची नाही, या महिन्याची आहे. आजीनं पानाचा डबा बंद केला आणि शेजारणीला हाक मारली, तुझाही कागद आण. पुढच्या रविवारी घराखाली चपला मोजल्या तर एकतीस जोड. तो मुलगा आता वर्गाचा हिशेब बघतो, आणि गावच्या 'मे फुम'कडे, म्हणजे पाटलाकडे, परवानगीचं पत्र घेऊन तोच जातो. (फुम म्हणजे गाव. आपली भूमी.)

यात माझा वाटा काय? फळा आणला, देणगीदाराला इंग्रजीत अहवाल लिहिला, आणि पत्रकं छापली नाहीत. तुमचा उपयोग होईल तो असा. एखाद्या ख्मेर माणसाच्या हाताखाली काम करायची तयारी असेल तर या, आणि किमान दोन वर्षांसाठी या. पहिलं वर्ष तुम्हीच विद्यार्थी.

त्या विद्यार्थीपणात मराठी माणसाला मात्र घबाड मिळतं. ख्मेर वर्णमाला क ख ग घ ङ याच क्रमानं लागते, पण ग लिहायचा आणि 'को' म्हणायचं, ज लिहायचा आणि 'चो' म्हणायचं. म्हणून नगराचं 'नोकोर' झालं. साला म्हणजे शाळा, वित्यालय म्हणजे हायस्कूल, आनाकोत म्हणजे भविष्य, आपलं अनागत. माफी मागताना 'सोम तोह' म्हणतात, त्यातला तोह म्हणजे दोष. गोची पुढे आहे: स्वराची खूण तीच, पण व्यंजन कोणत्या गटातलं यावर उच्चार बदलतो. क ला काना दिला तर 'का', ग ला दिला तर 'किआ'. मी इथे सहा महिने अडकले होते. वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलीनं मातीत काडीनं दोन रकाने आखून मला ते शिकवलं. त्या दिवसापासून पोरं माझ्याशी बोलायला लागली. आपल्याला येत नाही ते बाईंनाही येत नाही, हा त्यांना केवढा दिलासा!

आणि शक्यतो पहिल्याच वर्षी 'प्चुम बेन' चुकवू नका. पंधरा दिवस, भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे अगदी आपल्या पितृपक्षातच. 'बेन' हा शब्द पिंडावरूनच आलाय. पहाटे चारला उठून वाटाभोवती अंधारात भाताचे गोळे टाकतात. ज्यांची माणसं ख्मेर रूजच्या त्या चार वर्षांत कुठे पुरली हेही माहीत नाही, त्यांच्या शेजारी उभं राहून मी माझ्या वडिलांच्या नावानं गोळा टाकला. कोणी विचारलं नाही तू कोण.

आता उरलेलं भराभर. व्हिसा टुरिस्टचा घेऊ नका, ऑर्डिनरी म्हणजे ई वर्गाचा घ्या: 35 डॉलर, 30 दिवस, मग इथे आल्यावर वर्षापर्यंत वाढवता येतो. वर्क परमिट वेगळं असतं. ते कोण काढणार हे संस्थेकडून लेखी घ्या. मुदत ओलांडली तर दिवसाला 10 डॉलर दंड. थायलंडमधून रस्त्यानं यायचा जुना मार्ग विसरा. 2025 च्या जुलैत सीमेवर लढाई झाली, विमानानंच या. मी महिन्याला 150 डॉलर भाडं भरते, घर छोटं पण वारा छान. डॉलर आणि रिएल (इथलं चलन) दोन्ही चालतात, डॉलरला साधारण 4000 रिएल. डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत आणा, कोपरा फाटका असेल तर भाजीवालीही परत करते. इंग्रजी शाळांमध्ये भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार सांगतात. राग येईल, येऊ द्या, आणि घासाघीस करा.

शाकाहारी आहात तर 'म्होप बुओह' हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे बिनमांसाचं जेवण. तरी प्राहोक, म्हणजे आंबवलेल्या माशाची पेस्ट, कुठून तरी येणारच. गोडा मसाला आणि छोटा कुकर आणा.

राजकारणावर वर्गात बोलू नका, पोस्टही टाकू नका. 2024 च्या जुलैत 'मदर नेचर' या पर्यावरण गटाच्या दहा कार्यकर्त्यांना, त्यांतले बहुतेक तरुण, सहा ते आठ वर्षांच्या शिक्षा झाल्या. तुम्ही विमानानं परत जाल, तुमच्यासोबतची पोरं इथेच राहणार आहेत.

आणि तुमच्या आईंना वाटणारी भीती अगदीच खोटी नाही. डेटा एन्ट्री, कस्टमर सपोर्ट, भरपूर पगार, तिकीट आम्ही काढतो, अशी ऑफर आली तर ती सायबर फसवणुकीच्या अड्ड्याची समजा. पासपोर्ट काढून घेतात आणि कोंडून काम करवतात. अशा सुमारे 250 भारतीयांना सोडवून परत पाठवल्याचं परराष्ट्र मंत्रालयानं 2024 च्या मार्चमध्येच सांगितलं होतं. म्हणून संस्था कोणतीही असो, तिथे काम करून परत गेलेल्या भारतीयाशी फोनवर बोलल्याशिवाय तिकीट काढू नका.

तुम्ही ज्या दोन संस्थांची नावं कळवलीत त्यांना आधी एवढंच विचारा: माझी वरिष्ठ ख्मेर असेल का, आणि मी गेल्यावर हे काम कोण चालवणार? काय उत्तर येतं ते मला कळवा. एप्रिलमध्ये मात्र येऊ नका. ऊन मरणाचं असतं आणि नववर्षासाठी सगळे गावी गेलेले असतात.