लॅव्हेंडर तेल झोपेसाठी वापरलं तर चालतं का? घरात दीड वर्षाचं मूल आहे

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रात, टाकू का, बाळाच्या मालिशच्या तेलात दोन थेंब घालू का, आणि बहीण म्हणते तसं कोमट पाण्यात एक थेंब टाकून प्यायलं तर झोप लागेल का. शेवटच्याचं आधी सांगते, अजिबात नाही. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल बेचैनीवर देतात हे खरंय, पण ते औषध म्हणून तयार केलेलं, मोजून दिलेलं. आपण ऑनलाइन मागवतो ती बाटली वेगळी.

मी स्वतः पाच-सहा वर्षं वापरतेय आणि एकदा चांगली आपटलेय. डोकं दुखलं की बाटलीतलं तेल तसंच कानशिलांना चोळायचे, वर्षभर काही झालं नाही म्हणून बिनधास्त, मग एकदा खिडकीत पडलेली जुनी अर्धी बाटली काढली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही कानशिलं लाल, खाज, बारीक पुरळ. स्किनच्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, बाटली उघडून किती दिवस झाले? लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचं वासाचं द्रव्य असतं, ते हवा लागून हळूहळू बदलतं आणि त्या बदललेल्या पदार्थांची त्वचेला ॲलर्जी येते, ती एकदा बसली की मग साबण, शांपू, परफ्यूम, कशातल्याही लिनालूलने उठू शकते. मी आजही साबणाचं वेष्टन वाचूनच घेते, काय करणार.

त्यामुळे अंगाला लावायचंच तर ३० मिली खोबरेल किंवा बदाम तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, आणि तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकू नका, तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि नेमकं तेच तांब्यातून अंगावर येतं. भाजल्यावर लावा असंही लोक सांगतात. ही कथा गॅटफोसे नावाच्या फ्रेंच केमिस्टपासून चालत आलीय, १९१० मध्ये तो प्रयोगशाळेत भाजला होता, अरोमाथेरपी, म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्दही त्याचाच. पण आपण भाजलेला हात आधी वीस मिनिटं नळाखाली धरावा, तेलबिल नंतर.

बाळाच्या मालिशीत नको. मालिशवाल्या मावशी कितीही म्हणाल्या तरी नको, साधं तेल पुरतं. शिवाय स्वस्त बाटलीत बरेचदा लॅव्हेंडिन हे संकरित झाड असतं, त्यात कापूर जास्त, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. लेबलवर लॅव्हँड्युला अँगुस्टिफोलिया असं झाडाचं पूर्ण नाव आहे का बघा, नुसतं 'लॅव्हेंडर फ्रॅग्रन्स' असेल तर ते बहुतेक सेंटच. आपल्याकडे जम्मू भागात डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला मक्याऐवजी लॅव्हेंडर लावतात, तिकडचं तेल मी आणलं होतं, चांगलं निघालं.

डिफ्यूझर चालेल, पण बाळाच्या खोलीत रात्रभर नको. तुमच्या खोलीत झोपायच्या आधी अर्धा तास, दोन-तीन थेंब, दार किलकिलं ठेवून, मग बंद. झोप लागेलच असं नाही हां, मला वासाने जरा शांत वाटतं एवढंच. घरात मांजर असेल तर तेही टाळा, मांजरांच्या लिव्हरला ही तेलं नीट पचवता येत नाहीत.

आणि चुकून मुलाने तोंडाला लावलीच बाटली तर उलटी काढायला जाऊ नका, तेल फुप्फुसात जायची भीती असते, बाटली हातात घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा. माझी बाटली आता फ्रिजमध्ये असते, उघडल्याची तारीख चिकटवलेली. आधी फ्रिजच्या दारातच ठेवायचे, पण सासूबाई एकदा व्हॅनिला इसेन्स समजून ती केकच्या भांड्यापर्यंत घेऊन गेल्या, तेव्हापासून सगळ्यात वरच्या कप्प्यात, डब्यात.