तिसऱ्यांदा नीट? आधी तिचं ऐका

‘मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं. आता फार्म.डी. हा फार्मसीचा कोर्स करायचा म्हणते. सहा वर्षं शिकून औषधाच्या दुकानातच बसायचं का? तिसऱ्या प्रयत्नाला तिला कसं तयार करू?’
– एक वडील, लातूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात गुण, कटऑफ, क्लासची फी सगळं आहे. लेकीचं म्हणणं मात्र एकाच ओळीत: ‘आजोबा अ‍ॅडमिट होते तेव्हा कुणी बाई पाहिली, तेव्हापासून हे खूळ.’ त्याखालीच लिहिलंय की तिचा मोबाइल काढून घेतलाय, दोन महिने ती धड जेवत नाही, बोलत नाही. मला काळजी वाटली ती इथे. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलीच्या इच्छेला खूळ म्हणू नका. तिचं जेवण-बोलणं सुटलंय, तर करिअर चार दिवस बाजूला ठेवा आणि आधी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. यात उशीर नको.

आता त्या बाई. त्यांनी फाईल पाहिली, डॉक्टरांशी बोलल्या आणि संध्याकाळी आजोबांची शिरेतून चाललेली अँटिबायोटिक बंद होऊन गोळी सुरू झाली, असं तुम्हीच लिहिलंय. त्या बहुधा क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे वॉर्डात जाऊन पेशंटची औषधं तपासणाऱ्या फार्मासिस्ट असाव्यात; फार्म.डी. करून हेच काम करता येतं. मोठ्या रुग्णालयांत अँटिबायोटिकच्या वापरावर लक्ष ठेवणारं पथक असतं. त्यात संसर्गतज्ज्ञ, मायक्रोबायोलॉजिस्ट, इन्फेक्शन कंट्रोल नर्स आणि हा फार्मासिस्ट. पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरला, म्हणजे जंतू कोणता ते तपासायला गेलं का? ४८ ते ७२ तासांनी रिपोर्ट पाहून औषध बदलायचं की थांबवायचं? किडनी कमजोर असेल तर डोस किती? हे सगळं रोज, खाटेखाटेला जाऊन बघायचं. ‘सर, जंतू साध्या औषधाला दाद देतोय, मेरोपेनेम थांबवूया का?’ हे, म्हणजे एक जालीम अँटिबायोटिक बंद करायचं का, असं मोठ्या डॉक्टरांना विचारायला अभ्यास लागतो, धीरही लागतो. न थांबवलेल्या औषधामुळे जंतू निर्ढावतात आणि पुढच्या पेशंटला तेच औषध लागू पडत नाही.

आणि दुकानालाही कमी लेखू नका. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतल्या औषधांची, त्यात बऱ्याच अँटिबायोटिक्स येतात, डॉक्टरांची चिठ्ठी पाहून वेगळ्या रजिस्टरात नोंद करावी लागते. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणणारा फार्मासिस्ट तेच काम करत असतो.

फार्म.डी. २००८ पासून आहे. बारावीनंतर सीईटी, पाच वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. नर्सिंग किंवा मेडिकल मायक्रोबायोलॉजीतूनही अँटिबायोटिकवर लक्ष ठेवणाऱ्या पथकात येता येतं.

पण एक स्पष्ट सांगतो. लहान गावांतल्या बऱ्याच रुग्णालयांत असं पथकच नसतं. जागा थोड्या, सुरुवातीचा पगारही बेताचा. म्हणून कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. करार कुठल्या रुग्णालयाशी आहे आणि मुलं खरंच राउंडला जातात की नुसत्या सह्या होतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. वॉर्ड न पाहता मिळालेली ही पदवी कामाची नाही, आणि तसंच कॉलेज मिळणार असेल तर मीच तिला नको म्हणेन.

तिसऱ्या नीटसाठी तिचं मन वळवायला मी मदत करणार नाही. मोबाइल आजच परत द्या. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. त्या बाई फाईल उघडून डॉक्टरांशी नेमकं काय बोलल्या, ते तिनं शेजारी उभं राहून ऐकलंय.