दाढेचे तुकडे करणार म्हणजे केस अवघड आहे का?

दातांच्या दवाखान्यात हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. परवा एका काकूंनीही तोच विचारला. खालची दाढ काढायची होती, पुढे तिथे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेलं कृत्रिम मूळ, बसवायचं होतं. आधीची एक दाढ काढताना डॉक्टरांनी बराच जोर लावला होता, कडकन आवाज झाला होता. ती धास्ती मनात होतीच, त्यात आता ‘तुकडे करून’ हे शब्द कानावर पडले.

मी त्यांच्याच एक्स-रेवर दोन मुळं दाखवली. ती फाकलेली होती. अशी दाढ अखंड ओढायची तर वाट करण्यासाठी भोवतालचं हाड ताणावं लागतं, कधी त्याचा कपचा निघतो. मधोमध कापली की प्रत्येक मूळ आपापल्या दिशेनं सुटतं. दाढ जाणारच आहे, मग तिची कसली काळजी? जपायचं ते हाड.

“आणि एकमुळी दात असेल तर?” काकूंचं कुतूहल जागं झालं होतं. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, बारीक तंतूंनी बांधलेला असतो. पेरिओटोम नावाचं पातळ पात्याचं अवजार मूळ आणि हाड यांच्यामध्ये सरकवून ते तंतू सोडवतात. हिसका नाही, हळू दाब. वेळ लागतो, डॉक्टर रेंगाळताहेत असं वाटू देऊ नका. भूल दिल्यावर दुखत नाही, दाब मात्र जाणवतो. दुखलंच तर हात वर करायचा, डॉक्टर थांबतात.

“म्हणजे हाड अजिबात झिजणार नाही?” असं कुणी छातीठोक सांगत असेल तर माझा त्यावर विश्वास नाही. दात गेला की तिथलं हाड काही प्रमाणात झिजतंच, आणि बरीचशी झीज पहिल्या काही महिन्यांत होते. हलक्या हातानं काढल्यास निदान उपटताना होणारं जास्तीचं नुकसान टळतं. गरज वाटल्यास खळग्यात हाडाचं भरण घालतात. त्यानं झीज कमी होते, थांबत नाही.

उठता उठता काकू म्हणाल्या, “हाडं ठिसूळ झाल्यात म्हणून मी आठवड्याला एक गोळी घेते, ती चालेल ना?”

मी त्यांना परत बसवलं. अशा काही गोळ्यांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. क्वचितच, पण असतो. गोळी मनानं बंद करू नका म्हटलं, त्या गोळीची चिठ्ठी मागवून घेतली आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले.